पॉवर प्रेसचा सेन्सर बायपास करायला लावणाऱ्या साहेबांस

साहेब,

तुम्ही हिशेबाचे पक्के. प्रेसमध्ये हात असताना रॅम खाली येऊ नये म्हणून बसवलेला सेन्सर उत्पादन अडवतो, हे तुमच्या लगेच लक्षात आले. तो बायपास करायचा हुकूम तुम्ही तोंडी दिलात, कागदावर एक अक्षरही ठेवले नाहीत. सुरक्षेची काळजी घेतलीत, पण फक्त स्वतःच्या.

ब्रेकडाऊन आला, डायमध्ये तुकडा अडकला, की तुमचा आवाज चढतो : "मेन कशाला पाडतोस? काढ पटकन!" फिटर हात घालतो. मोटर बंद केली तरी फ्लायव्हील काही काळ फिरत राहते, हवेच्या लाइनीत दाब उरतो, वर थांबलेला रॅम सरकू शकतो. म्हणूनच आधी मेन स्विच पाडायचा, त्याला कुलूप लावायचे, दाब सोडायचा, रॅमखाली सेफ्टी ब्लॉक ठेवायचा आणि मगच हात घालायचा. याला लागतात काही मिनिटे. तीच तुम्हाला महाग वाटतात.

बोटांचे दर मात्र ठरलेले आहेत. 1923 च्या भरपाई कायद्याच्या परिशिष्टात अंगठा गेला तर कमाईची क्षमता 30 टक्के घटली असे धरले होते. तर्जनीला 14, मधल्या बोटाला 12, करंगळीला 7. पण आटा नीट धरला की नाही, हे फिटरला बोटांच्या टोकांनीच कळते. ती गेली की त्याचा धंदाच गेला. ठेकेदाराचा कामगार असेल तर पुढच्या महिन्यापासून गेटही बंद.

आणि तुमचा अपघात-अहवाल? "कामगाराचा निष्काळजीपणा." यंत्र चालू असताना गार्ड जागेवर हवा, हे 1948 च्या कारखाने अधिनियमाच्या कलम 21 मध्येच लिहिले होते. ती जबाबदारी व्यवस्थापनाची. गार्डचे काम करणारा सेन्सर बायपास करायला लावणारे तुम्ही आणि निष्काळजी तो?

भोसरी, चाकण, वाळूज – जिथे कुठे तुमचे प्रेस शॉप असेल, तिथे आज एवढे करा : सेन्सर पुन्हा जोडा. दुरुस्तीला उतरणाऱ्या प्रत्येकाला स्वतःचे कुलूप द्या, किल्ली त्याच्याच खिशात राहू द्या. त्याने कुलूप काढेपर्यंत मशीन सुरू करण्याचा अधिकार कोणालाही नको, तुम्हालाही नको.

आणि फिटर बंधूंनो, मेन पडल्याशिवाय हात घालू नका. तोंडी हुकूम आला तर तो लेखी मागा.