सहकुटुंब, सहपरिवार, सलाइफजॅकेट

क्रूझ हा कुठेही पोचायचे नसलेला जलप्रवास आहे. मोठ्या माणसांना ही कल्पना पचायला एखादा दिवस लागतो. लहान मुलांना ती पहिल्या मिनिटापासून मान्य असते, कारण माणसाने कुठेतरी वेळेवर पोचायचे असते अशी त्यांची एरवीही समजूत नसते.

मुंबईकर कुटुंबांना अशी सहल पासपोर्टाशिवायही करता येते. फ्रान्समधल्या सेंट नाझेर इथे बांधलेले आणि १९९० साली ‘नॉर्डिक एम्प्रेस’ नावाने पाण्यावर आलेले जहाज सप्टेंबर २०२१पासून ‘एम्प्रेस’ या नावाने मुंबई, गोवा, लक्षद्वीप अशा फेऱ्या करू लागले. मजले ११, लांबी २११ मीटर. पालकांनी यातला लांबीचा आकडा लक्षात ठेवावा. जेवणघर जहाजाच्या एका टोकाला असते आणि विसरलेली पाण्याची बाटली नेहमी दुसऱ्या टोकाला.

या विषयावर जे काही सांगितले जाते त्यात एक मूलभूत गोष्ट राहून जाते. आईबाबा समुद्राच्या सहलीला निघतात, मुले लिफ्टच्या सहलीला. ज्या इमारतीत अकरा मजल्यांची बटणे आहेत, वॉचमन काका नाहीत आणि शेजारच्या काकू ओरडत नाहीत, अशी इमारत त्यांना आयुष्यात प्रथमच मिळालेली असते. ती पाण्यावर तरंगते आहे, हा तपशील त्यांच्या लेखी दुय्यम. काही जहाजांत तर लिफ्टमध्ये आजचा वार लिहिलेली सतरंजी अंथरतात आणि ती रोज बदलतात. सतरंजी बदलायला कोण येते, किती वाजता येते आणि जुनी कुठे नेते, याच्या शोधात एक अख्खी सुट्टी आनंदात जाऊ शकते.

वयाचा विचार आधी करावा लागतो. बहुतेक कंपन्या सहा महिन्यांखालच्या बाळाला जहाजावर घेत नाहीत. महासागर ओलांडणाऱ्या लांबच्या सफरींसाठी ही अट सहसा एक वर्षाची असते. सहा महिन्यांचे बाळ हा तसा सोयीचा प्रवासी. ठेवले तिथे राहते आणि बुफेच्या रांगेत मध्ये घुसत नाही. खरा पेच दीड ते तीन या वयाचा. या वयात पाय पळतात, कान ऐकत नाहीत. किड्स क्लबची दारे बहुतेक ठिकाणी तिसऱ्या वर्षानंतर, तीही डायपर सुटला असेल तरच उघडतात. डायपर लावलेल्या मुलाला मोठ्या तलावात उतरू देत नाहीत. पोहण्याचा खास डायपरही बहुतेक ठिकाणी चालत नाही. थोडक्यात, जहाजावर जे जे मुलांसाठी म्हणून असते ते या मुलाला फक्त काचेतून दाखवता येते आणि ते दाखवल्यावर होणारा आक्रोश काचेच्या दोन्ही बाजूंना ऐकू येतो. ज्यांना थांबणे शक्य आहे त्यांनी चौथा वाढदिवस होऊ द्यावा.

सामानाबाबत मराठी घराचे आणि जहाजाच्या सुरक्षा विभागाचे मूलभूत मतभेद आहेत. आगीच्या भीतीने जहाजावर इस्त्री, विजेची किटली आणि एक्स्टेन्शन बोर्ड आणू देत नाहीत. घरून केलेले खाद्यपदार्थही बहुतेक ठिकाणी बाहेरच राहतात. बाळाचे बंद डब्यातले अन्न तेवढे चालते. त्यामुळे ‘तिथे गरम पाणी मिळालं नाही तर?’ म्हणून आजींनी तळाशी गुंडाळून ठेवलेली किटली क्ष-किरणांच्या यंत्रात स्पष्ट दिसते, तिच्याशेजारी मेतकुटाचा डबाही दिसतो, आणि आजी तिथल्या अधिकाऱ्याला मेतकूट म्हणजे काय ते समजावू लागतात. मागे रांग थांबलेली असते. आजी थांबत नाहीत.

ओळखपत्र मुलांचेही लागते. आधार कार्डावरचा फोटो सहा महिन्यांच्या, टक्कल असलेल्या इसमाचा आणि समोर उभा असलेला इसम पुढचे दोन दात पडलेला. खिडकीमागचा कर्मचारी दोघांकडे आळीपाळीने पाहतो आणि अखेर आईच्या चेहऱ्यावरचा थकवा हा पुरेसा पुरावा मानून शिक्का मारतो.

मोठ्या बॅगा धक्क्यावरच ताब्यात घेतात आणि त्या केबिनपाशी पोचायला संध्याकाळ होते. मुलांना मात्र जहाजात शिरल्यापासून दहा मिनिटांत तलाव दिसतो. पोहण्याचे कपडे खांद्यावरच्या पिशवीत ठेवावेत, हा सल्ला सगळे अनुभवी प्रवासी देतात, आणि पहिल्या दुपारी तलावाच्या काठावर हाफ पँटमध्ये हुंदके देणारी मुले पाहिली की तो किती जणांनी मानला हे कळते.

केबिन लहान असते. तिसरा आणि चौथा पलंग भिंतीतून किंवा छतातून खाली उघडतो आणि त्याला शिडी असते. भावंडे दोन असतील तर वरचा पलंग कोणाचा हा प्रश्न मुंबईची हद्द सुटण्यापूर्वी निकालात काढावा, नाहीतर तो गोव्यापर्यंत पुरतो. खिडकी नसलेली आतली केबिन स्वस्त असते आणि तिच्यात दिवा मालवला की मिट्ट काळोख होतो. एरवी सहा वाजता उठणारी मुले तिथे साडेनऊपर्यंत झोपतात. बाल्कनीचे जादा पैसे भरून पहाटेचा सूर्योदय मुलांसकट पाहणाऱ्या पालकांनी हे वाचू नये.

संडास विमानातल्यासारखा हवेच्या ओढीवर चालतो आणि बटण दाबले की असा काही गर्जतो की पाच वर्षांचे मूल त्यावर पुन्हा बसायला नकार देते. “तो मला ओढून घेईल” ही भीती भौतिकशास्त्राने दूर होत नाही. मूल आधी बाहेर, दार बंद, मग बटण, ही पद्धत पहिल्याच रात्री ठरते.

याच केबिनमध्ये संध्याकाळी टॉवेलचा हत्ती अवतरतो. केबिन आवरणारे कर्मचारी टॉवेलांच्या घड्यांमधून हत्ती, माकड, हंस करून पलंगावर ठेवतात. हा क्रूझच्या जगातला जुना रिवाज आहे. दोन हाताचे टॉवेल, एक अंगाचा, सोंडेवर बाबांचा चष्मा. मुले किंचाळतात, फोटो निघतात, हत्तीला नाव मिळते. अडचण नंतर सुरू होते. बाबा अंघोळ करून दारातून हात बाहेर काढतात आणि त्यांना कळते की अंगाचा टॉवेल सध्या हत्तीचे पोट आहे. “हत्तीला मोडायचं नाही” यावर दोन्ही मुले ठाम असतात. दुसऱ्या दिवशी माकड येते, तिसऱ्या दिवशी हंस, आणि शेवटी चार माणसांचे कुटुंब एका नॅपकिनवर उरते. पलंगावर प्राणिसंग्रहालय, खुर्चीवर बाबा वाळत बसलेले.

जहाज सुटण्यापूर्वी सुरक्षा कवायत होते आणि ती कोणालाच चुकवता येत नाही. १९१२ साली ‘टायटॅनिक’ बुडाल्यावर दोन वर्षांनी सागरी सुरक्षेचा आंतरराष्ट्रीय करार झाला. जानेवारी २०१२मध्ये इटलीच्या किनाऱ्याजवळ ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ आडवी झाली तेव्हा त्याच दिवशी चढलेल्या अनेकांची कवायत झालेलीच नव्हती. त्यानंतर नियम बदलला, आणि आता कवायत निघण्याआधी किंवा निघता निघताच घ्यावी लागते. सात छोटे भोंगे आणि एक लांब, हा धोक्याचा इशारा. तो ऐकला की आपापल्या ठरलेल्या जागी जायचे. मुलांच्या मापाची लाइफजॅकेटे नियमानुसार एकूण प्रवाशांच्या किमान दहा टक्के असतातच. लहान मापाचे केबिनमध्ये नसेल तर लगेच मागून घ्यावे. मोठ्यांच्या जॅकेटात मूल घालून ‘चालतंय की’ म्हणू नये.

करार करणाऱ्यांनी सगळे नीट योजले आहे, फक्त जॅकेटला शिट्टी लावताना त्यांच्या डोळ्यांसमोर मुले नसावीत. शिट्टी सापडायला मुलाला सात सेकंद लागतात. एकाने वाजवली की दुसऱ्याला आपल्यालाही आहे हे कळते. कर्मचारी गंभीरपणे हात वर करून दरवाजे दाखवत असतो आणि त्याच्यासमोर चाळीस नारिंगी मुले एकाच वेळी शिट्ट्या मारत असतात. कवायतीचा हेतू घबराट टाळणे हा असतो.

मग जहाज हलते. उजेड असेल तर मुंबईचा किनारा मागे पडताना थळच्या समुद्रातली खांदेरी-उंदेरी ही दुर्गांची जोडी दिसू शकते. आजोबा कठड्याशी उभे राहून सांगू लागतात: १६७९मध्ये शिवाजी महाराजांनी इंग्रज आणि सिद्दी यांच्या नाकावर टिच्चून खांदेरीचा किल्ला बांधायला घेतला, २०२५मध्ये युनेस्कोच्या यादीत मराठा लष्करी वास्तूंबरोबर त्याचे नाव आले. नातू सगळे ऐकून घेतो आणि विचारतो, “आजोबा, तिथे लिफ्ट आहे?”

आजोबांकडे याहून मोठा साठा आहे, तो म्हणजे कोकणबोटीचा. भाऊच्या धक्क्यावरून सुटणारी ती आगबोट, डेकवर सतरंजी टाकून पकडलेली जागा, बंदर आले की खवळलेल्या पाण्यात बोटीला टेकणारा पडाव आणि त्यात गाठोड्यासारखी खाली सोडलेली मुले. त्या मुलांसाठी क्लब नव्हता, तलाव नव्हता आणि तक्रार करायची सोयही नव्हती. पावसाळ्यात बोटी बंद. पावसाळ्यापुढे आजचे जहाजही शहाणपणा दाखवते. २०२२च्या जूनमध्ये ‘एम्प्रेस’ने मुक्काम चेन्नईला हलवला होता. सुटी दिवाळीची किंवा नाताळची निवडावी.

बोट लागणे मात्र दोन्ही काळांत सारखेच. कानाच्या आतली तोल सांभाळणारी यंत्रणा मेंदूला सांगते की आपण हलतो आहोत. डोळे सांगतात की समोरची भिंत जागच्या जागी आहे. या भांडणाचा निकाल पोट लावते. दोन वर्षांखालच्या मुलांना हा त्रास क्वचित होतो, त्यानंतर बारा वर्षांपर्यंत जास्त. जहाजाच्या बाजूंना पाण्याखाली पंख असतात, ते डावी-उजवीकडचे डोलणे बरेच कमी करतात. पुढचे टोक वर-खाली होणे त्यांना तितकेसे आवरत नाही. म्हणून केबिन घ्यायची तर खालच्या मजल्यावर आणि मधोमध. मुलाला मोकळ्या डेकवर नेऊन क्षितिजाकडे पाहायला लावावे आणि हातातला मोबाइल काढून घ्यावा. त्यानंतर सुरू होणारे रडणे बोट लागल्यामुळे की मोबाइल गेल्यामुळे, हे कोणत्याच डॉक्टरला सांगता येत नाही. आजींचा आलेपाक काहींना खरोखर मानवतो. उलटीच्या गोळ्या मात्र डॉक्टरांना विचारून घरूनच आणाव्यात. त्यांतली काही औषधे दोन वर्षांखालच्या मुलांना देतच नाहीत.

जेवणाबद्दल फारसे लिहिण्यासारखे नाही, कारण मुले जेवत नाहीत. समोर पास्ता, डोसे, जैन पावभाजी आणि सहा प्रकारचे केक मांडलेले असतात. मूल दोन फेऱ्या मारून येते आणि साधा दहीभात मागते. दहीभातही मिळतो. तोवर त्याला आइस्क्रीम हवे असते. हात धुण्याबाबत मात्र हयगय नको. जहाजावर जुलाब-उलट्यांची साथ पसरवणारा नोरोव्हायरस सॅनिटायझरला फारशी दाद देत नाही, त्याला साबण आणि पाणीच लागते. दारात फवारा मारणाऱ्या माणसाकडे मुले पुन्हा पुन्हा जातात, पण ते स्वच्छतेसाठी नव्हे.

किड्स क्लब ही क्रूझची सर्वांत मोठी देणगी, असे पालकांचे मत असते. मुलाला सोडले, अर्ज भरला, फोन नंबर दिला, आणि लग्नानंतर कधी नव्हे ते दोन तास मोकळे. ‘निवांत बसू, गप्पा मारू’ असे ठरवलेले हे जोडपे वीस मिनिटांत डेकखुर्च्यांवर तोंड उघडे टाकून झोपलेले आढळते, किंवा क्लबच्या काचेबाहेर उभे राहून ‘रडत नाहीये ना?’ हे पाहत असते. तो रडत नसतो. याचेच त्यांना वाईट वाटते.

किनाऱ्यावरचे दिवस हे मुलांच्या दृष्टीने सहलीतले व्यत्यय. गोव्यात जहाज मुरगावला लागते. तिथून पणजी साधारण तीस किलोमीटर, म्हणून लहान मुलांसह जवळचाच एखादा किनारा गाठावा. लक्षद्वीपमध्ये बेटाभोवतीचे पाणी उथळ, प्रवाळांचे; मोठे जहाज बाहेर खोल पाण्यात थांबते आणि माणसे छोट्या बोटींतून उतरतात. समुद्र खवळलेला असेल तर हे उतरणे रद्द होते, याची मोठ्यांनी तयारी ठेवावी. मुलांना त्याचे काही वाटत नाही; ती परत लिफ्टकडे जातात. उतरलात तर परतीची वेळ घड्याळात बघून पाळावी. शिंपले गोळा व्हायचे राहिलेत म्हणून जहाज थांबत नाही.

शेवटच्या रात्री मोठ्या बॅगा केबिनबाहेर ठेवायच्या असतात. त्या रात्रीतून जातात आणि सकाळी थेट धक्क्यावर मिळतात. आवरण्याच्या घाईत सगळेच बॅगेत भरणारी कुटुंबे प्रत्येक फेरीत निघतात आणि सकाळी त्यांची मुले झोपायच्या कपड्यांत, टॉवेल गुंडाळून जहाजाच्या पायऱ्या उतरतात. तेव्हा बॅग बाहेर ठेवण्याआधी प्रत्येक मुलाचा एक जोड हातातल्या पिशवीत काढून ठेवावा, चड्डीसकट.