म्हाडा ते मॅनहॅटन

अमेरिकेत कायदा शिकायला जाणाऱ्या मुलीनं कॉलेज कसं निवडावं, याबद्दल सगळ्यांत ठाम मतं कायद्याचा गंधही नसलेल्या नातेवाइकांची असतात. 2024 साली आमच्या पुतणीनं पुण्याच्या आयएलएसमधली पदवी हातात पडताच, ‘न्यूयॉर्कच्या बड्या फर्ममध्ये नोकरी करणार’ असं जाहीर केलं आणि घरात खंडपीठच बसलं.

दादाचा निकाल तयार होता. “कोलंबिया. बाबासाहेब तिथेच शिकले.” बाबासाहेब 1913 मध्ये कोलंबियात गेले ते अर्थशास्त्रासाठी, बॅरिस्टर झाले ते लंडनच्या ग्रेज इनमधून, असं पुतणीनं नम्रपणे निदर्शनास आणून दिलं. वहिनींनाही कोलंबियाच हवं होतं. त्यांची मावसबहीण न्यू जर्सीत एडिसनला राहते, तिथून डबा पोचण्यासारखा आहे. या निकषावर कॉर्नेल पहिल्याच फेरीत बाद. इथाकात बर्फ भरपूर, मावसबहीण एकही नाही.

मी कॉलेजांची क्रमवारी उघडली. तिकडे ‘वरची चौदा’ म्हणायची रीत आहे. दहा नाही, पंधरा नाही, चौदा. कारण वर्षानुवर्षं तीच चौदा कॉलेजं आपसांत पाट बदलत वर बसली. चौदावं बहुतेकदा जॉर्जटाउन असायचं. पण आपल्याकडे चौदावं रत्न कशासाठी दाखवतात हे ठाऊक असल्यानं मी ते सुचवलं नाही. येल आणि हार्वर्ड तर 2022 मध्ये या क्रमवारीवर रुसून बाहेर पडली. क्रमवारीवाल्यांनी तरीही त्यांना नंबर दिलाच.

खरी ग्यानबाची मेख पुतणीनंच शोधली. कॉलेजं नोकऱ्यांचे जे टक्के मिरवतात ते तीन वर्षांच्या जेडी पदवीचे. फर्मा जेडीवाल्यांना उन्हाळी कामाला बोलावतात, पारखतात आणि ठेवून घेतात. इथली पदवी घेऊन तिथं वर्षाचं एलएलएम करणारा त्या हिशेबात नसतोच. न्यूयॉर्कची बार परीक्षा त्याला देता येते. वकील व्हा की, नोकरीचं कुठं बोलणं झालं होतं? मग तिनं सगळीकडे एकच प्रश्न पाठवला : गेल्या वर्षी परदेशी एलएलएमवाले किती जण इथल्या फर्मांत लागले? एकानं जागतिक दृष्टिकोनावर दोन पानं लिहिली, दुसऱ्यानं कॅम्पसचा फोटो पाठवला. एकानं मात्र आकडा कळवला. लहानसाच होता, पण आकडा होता. तिनं तिथेच प्रवेश घेतला.

बड्या फर्ममध्ये पहिल्या वर्षाचा पगार 2,25,000 डॉलर. दादानं रुपयांत गुणाकार केला, चष्मा पुसला आणि पुन्हा केला. तेवढ्यात व्हिसा मधे आला. शिक्षण संपल्यावर कामाची मुभा 12 महिने. संगणकवाल्यांना वर आणखी 24, कायदेवाल्यांना नाही. त्यापुढे एच-वन-बी हा कामाचा व्हिसा. जागा 85,000, अर्ज कितीतरी पट, म्हणून सोडत. आयुष्यभर युक्तिवाद शिकायचा आणि शेवटी निकाल चिठ्ठीनं!

“सोडत?” दादा ताठ बसला. “म्हणजे म्हाडाच की! अनामत किती?”

“नोंदणीचे दोनशे पंधरा डॉलर. तेही फर्म भरते.”

“मग चार फर्मांकडून टाक नाव.”

“बाबा, 2024 पासून फर्मा वाढल्या म्हणून चिठ्ठ्या वाढत नाहीत.”

म्हाडाच्या घरांच्या सोडतींत मुरलेला दादा इतक्यात हार मानणारा नव्हता. “संगणकवाल्याला तीन वर्षं, म्हणजे तीन सोडती. मग जावईच...”

“त्याला व्हिसा लागला तरी त्याची बायको म्हणून मला लगेच नोकरी करता येत नाही.”

वहिनी पदराला हात पुसत बाहेर आल्या. “कुठला आहे मुलगा?”