तिरल्याचा फोन, टीमचा पत्ता

धारजवळच्या तिरल्यात कपाटावर एक जुना अँड्रॉइड फोन चार्जरला लावून ठेवायचा, सिम घालायचे, प्रॉक्सी ॲप टाकायचे. मग पुण्या-इंदूरची अख्खी टीम त्याच सिमच्या इंटरनेटवरून जगात वावरणार. कल्पना झकास! पण सामायिक असतो तो फक्त पासवर्ड, जबाबदारी नव्हे. एकाने नवा आयपी हवा म्हणून फोन एअरप्लेन मोडवर टाकून परत आणला, की दुसऱ्याचे चालू लॉगिन गेलेच. एकाच जागी दोघांनी नांदण्याचा जुना दाखला म्हणजे देवास: त्या एका गावात पवारांच्या थोरल्या आणि धाकट्या पातीची दोन राज्ये नांदली, थेट १९४८ पर्यंत. पण त्यांचे दरबार तरी वेगळे होते.

बिघाड झाला की आधी नेटवर्कला शिव्या, मग ॲपला. खरा गुन्हेगार बहुधा बॅटरी वाचवणारी सेटिंग. तीच ॲपला गुपचूप झोपवते. ती बंद करा, आयपी बदलायचा हक्क एकाच्याच हाती द्या. एवढे करूनही वेबसाइट ‘तुम्ही मुंबईत आहात’ म्हणाली, तर दचकू नका. मोबाइल कंपन्या असंख्य ग्राहकांना एकाच सार्वजनिक आयपी पत्त्यामागे उभे करतात, आणि तो पत्ता तिरल्याचा दिसेलच असे नाही. तिरल्याच्या वाट्याला येते ते चार्जिंगचे बिल.