सुख अनिश्चित उशिराने धावत आहे

मुंबई-नाशिक महामार्गावर आसनगाव मागे पडलं की घरांच्या जाहिराती दाटीनं उभ्या राहतात. माहुलीचा डोंगर, हिरवळ, मोकळी हवा, आटगाव स्टेशनपासून चालत अमुक मिनिटं. स्टेशन ते घर किती लांब, हे फलक हौसेनं सांगतात. स्टेशन ते हापिस किती, यावर मात्र चिडीचूप. सीएसएमटी सुमारे ९५ किलोमीटर, गाडीत दोन तासांहून जास्त, एवढं छापायला जागा कुठून आणणार? तिथं हसरं कुटुंब बसवलंय ना!

अलोइस स्टुट्झर आणि ब्रुनो फ्राय या दोन अर्थतज्ज्ञांनी असल्या हसऱ्या कुटुंबांचा हिशेब मांडलाय. त्यांचा निबंध २००८ साली छापून आला आणि त्यातली माहिती जर्मनीतली. लांब राहणारा माणूस मूर्ख नसतो, घर स्वस्त मिळतं किंवा पगार बरा असतो म्हणून तो प्रवास पत्करतो, म्हणजे शेवटी फिट्टंफाट होत असणार, असं अर्थशास्त्र धरून चालतं. प्रत्यक्षात तसं काही फिटत नव्हतं. जितका प्रवास लांब, तितकं समाधान कमी. एका फेरीला २३ मिनिटं घालवणाऱ्याची भरपाई करायची तर पगार १९ टक्के वाढवावा लागेल, असा त्यांच्या आधीच्या मसुद्यातला अंदाज.

तेवीस मिनिटं! तेवढ्यात आटगावची गाडी फार तर खडवलीच्या आसपास पोचते. संशोधक असा सरळ गुणाकार करू देणार नाहीत, पण आपण हापिसात नाही, सदरात आहोत. तेव्हा करूनच टाकू. आटगाव ते सीएसएमटीला भरपाई म्हणून पगार दुपटीच्या वर जातो. मालकाला सांगून बघा. निदान त्याला तरी हसू येईल.

माणसाला सगळ्याची सवय होते म्हणतात. ते बरंचसं खरंही आहे, फक्त सवय चुकीच्या गोष्टीची आधी होते. नव्या घराची जास्तीची खोली, गॅलरीतून दिसणारा डोंगर, यांचं कौतुक काही महिन्यांत ओसरतं. प्रवासाची सवय होत नाही, कारण त्रास रोज नवा असतो. आज सिग्नल, उद्या मालगाडीचं इंजिन, परवा ‘काही तांत्रिक कारणामुळे’. कल्याणच्या पुढे लोकल, मेल, मालगाडी सगळ्यांना मिळून रूळ दोनच. मेल पुढे काढायची म्हणून लोकल उभी, आणि लोकलमध्ये माणूस उभा. कल्याण-कसारा तिसरी मार्गिका, सुमारे ६७ किलोमीटरची, २०११ च्या सुमारास मंजूर झाली. त्या वर्षी जन्मलेली पोरं दहावीच्या वयाला आली. मार्गिकेचं प्रगतिपुस्तक तुम्ही गाडीच्या खिडकीतून वाचू शकता, खिडकी मिळाली तर.

डॅनियल कानेमन आणि सहकाऱ्यांनी २००४ साली छापलेल्या अभ्यासासाठी टेक्सासमधल्या ९०९ नोकरदार बायकांना आदल्या दिवसाचा तासातासाचा हिशेब विचारला होता. मनःस्थितीच्या यादीत सकाळचा प्रवास तळाला निघाला. यातल्या बहुतेकींनी कसारा लोकल स्वप्नातही पाहिली नसणार.

आता उपाय. शिकागोच्या निकोलस एप्ली आणि ज्युलियाना श्रोडर यांनी २०१४ साली दाखवून दिलं की रेल्वेत अनोळखी माणसाशी बोललं तर प्रवास सुखाचा होतो. लोकांना आधी वाटत होतं, गप्प बसणंच बरं. त्यांना मुद्दाम बोलायला लावावं लागलं. आपल्याकडे यासाठी प्रयोगाची गरज नाही. अनोळखी माणसाशी पहिलं वाक्य ठरलेलं आहे : “कुठं उतरणार?” समोर बसलेला “टिटवाळा” म्हणाला की मनात जो आनंद उसळतो, तो मोजायला शिकागोकडे यंत्र नसेल. “कसारा” म्हणाला की संवाद तिथेच संपतो.

दुसरा लाडका उपाय कृतज्ञतेची वही. एमन्स आणि मॅकलॉ यांच्या २००३ च्या प्रयोगात लोकांनी आठवड्याला पाच चांगल्या गोष्टी लिहिल्या आणि त्यांना बरं वाटलं. आटगावकरानंही लिहावं. गाडी आली. आली ती थांबली. थांबली तेव्हा दारात पाय ठेवायला जागा होती. चौथी सीट आसनगावच्या आधीच मिळाली. पाचवी गोष्ट सुचेपर्यंत कल्याण येतं आणि वही चिरडते.

तिसरा उपाय, शेजाऱ्याशी तुलना करू नका. हा मला फार आवडतो. तानसा, भातसा ही धरणं आटगावच्याच तालुक्यात, त्यांचं पाणी मुंबईला, आणि उन्हाळ्यात याच तालुक्याच्या पाड्यांवर बाया हंडे मांडून टँकरची वाट बघतात. त्यांनी तुलना न करता खोल श्वास घ्यावा, म्हणजे सगळ्यांचीच सोय होईल.

माझी तक्रार संशोधकांशी नाही. त्यांनी प्रवासाचा वेळ मोजला, पगार मोजला, नीट मोजला. गंमत अशी की निष्कर्ष निघतो रुळांबद्दल आणि पत्र येतं प्रवाशाला : सकारात्मक राहा. आनंदाची पुस्तकं फलाटावर विकायला ठेवतात. त्यातली एखादी रेल्वेच्या नियोजन खात्यात कुणी भेट दिल्याचं ऐकिवात नाही. गाडी वेळेवर सोडणं हेही मानसशास्त्रच आहे, फक्त त्याला खर्च येतो. खोल श्वास फुकट.

म्हणून हल्ली कंपन्याही कर्मचाऱ्यांसाठी मनःस्वास्थ्याची शिबिरं भरवतात. ठाण्याला, सकाळी नऊ वाजता, हजेरी सक्तीची. आटगावकर घामाघूम होऊन पोचतो तेव्हा डोळे मिटून शांत बसण्याचा भाग उरकलेला असतो, आणि दारात बसलेला माणूस त्याच्या नावापुढे लेटमार्क टाकत असतो.