'लिंक असेल त्या कोणालाही संपादन' या फाइल-वाटपाच्या पर्यायास खुले पत्र

आपल्या औदार्याला तोड नाही. नाशिक-त्र्यंबकेश्वरचा २०२६-२७चा सिंहस्थ कुंभमेळा, म्हणजे निविदा, नकाशे, पास, तक्रारी आणि डझनभर सरकारी खाती. अर्ज येताच तो फोल्डरात टाकणारी, मंजुरीला पुढे सरकवणारी आणि कंत्राटदाराला निरोप धाडणारी स्वयंचलित प्रणाली अशा वेळी हवीच. तिच्या मागोमाग आपणही येता, कारण कोणाला काय दिसावे हे ठरवत बसण्यापेक्षा सगळ्यांना सगळे देऊन टाकणे सोपे असते.

त्र्यंबकेश्वरात मात्र एक मागासलेली पद्धत अजून टिकून आहे. तीर्थोपाध्यायांच्या नामावळीच्या वहीत यजमान आपले गाव, आडनाव सांगतो, पूर्वजांच्या नोंदी पाहतो आणि त्यांच्यापुढे आपली नोंद करून सही करतो. आजोबांची ओळ खोडण्याची मुभा त्याला नसते. दुसऱ्या घराण्याचे पान हवे असेल तर उपाध्यायांना विचारावे लागते. वाचणे, भर घालणे आणि खोडणे हे तीन वेगळे हक्क आहेत, आणि वही कोणाच्या ताब्यात आहे हे सर्वांना माहीत असते. आपण हे तिन्ही एका टिचकीत वाटता. जुन्या कागदावरच्या एका शब्दाचे मोल काय असते, ते २०२३ साली न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती मराठा समाजाच्या कुणबी नोंदी शोधू लागली तेव्हा महाराष्ट्राने पाहिले. ज्या शब्दावर जातीचा दाखला मिळतो, तो कोणालाही बदलता येत असेल तर त्याला पुरावा कोण म्हणेल?

आपण म्हणाल, उपाध्यायांचा ताबा वंशपरंपरेचा, वही एकच, आग लागली की सारे संपले. दोन्ही आक्षेप रास्त आहेत. म्हणून हक्क जन्माने नव्हे, पदाने द्यावा आणि प्रत वेगळ्या जागी ठेवावी. हरिद्वारच्या अशाच वह्यांची सूक्ष्मचित्रे यूटाच्या वंशावळी संस्थेने घेतलीच आहेत. (एकाच वेळी सगळीकडून पुसली जाणारी 'सिंक' झालेली फाइल म्हणजे प्रत नव्हे, हे जाता जाता.) परवानग्यांनी काम अडते, हाही आक्षेप आहे. पण काम अडते ते परवानगी कोण देणार हे ठरलेले नसल्याने. शंभर जणांना संपादनाचा हक्क दिला, की चुकलेला आकडा कोणी घातला हे शोधण्यातच वेळ जातो.

खरी गंमत त्या स्वयंचलित प्रणालीच्या लॉगिन खात्याची. ती प्रणाली अनेकदा उभारणाऱ्याच्याच खात्यावर, त्याच्याच सर्व अधिकारांनिशी चालते. त्याची बदली झाल्यावर खाते बंद केल्यास गाडी थांबते. चालू ठेवल्यास बदलून गेलेल्या माणसाच्या नावाने मंजुऱ्या निघत राहतात. त्या प्रणालीला स्वतंत्र खाते द्यावे, नेमून दिलेल्या फोल्डरापुरता हक्क द्यावा, आणि पुसण्याचा तर मुळीच नको. सिंहस्थ उरकल्यावर तात्पुरते पास जसे परत घेतात, तसे तात्पुरते हक्कही त्याच दिवशी काढून घ्यावेत. हे काम कोणाचे, ते मात्र आजच लिहून ठेवा.

कळावे, लोभ जरा आवरता असावा.

आपला,
केवळ वाचनाचा हक्क मागणारा एक नागरिक