काटा चढला, ग्रीस आणा!

चैत्रात म्हसवडहून जीप भरून शिखर शिंगणापूरला निघालेल्या नवशिक्यांसाठी हा पाठ आहे. कंपनीने सांगितली त्याहून दुप्पट माणसे जीपमध्ये असावीत. एसी असल्यास तोही चालू ठेवावा. घाटात तापमानाचा काटा लाल पट्ट्याकडे कलला की शिक्षण सुरू झाले.

आधी दोष कुणाच्या माथी मारायचा ते ठरवा. इंजिन महाग, रेडिएटर अवजड, पंखा बोटे कापणारा. तापमानाचा सेन्सर मात्र अंगठ्याएवढा, दोन वायरींचा आणि उलट न बोलणारा. बरे, वाईट बातमीही त्यानेच सांगितलेली असते. तेव्हा तोच गुन्हेगार.

मग त्याला फासायला थर्मल ग्रीस आणा. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात ‘हीट सिंक पेस्ट’ म्हणालात की मिळेल. दुकानदार विचारील, “कॉम्प्युटरला का?” मान डोलवा, वाद वाढवू नका. चाकाच्या बेअरिंगचे ग्रीस घरी डबाभर पडून आहे म्हणून तेच फासायचा मोह मात्र टाळा.

पेस्ट काय करते? दोन धातू कितीही आवळले तरी मधे बारीक पोकळ्या राहतात आणि त्यांत हवा असते. अ‍ॅल्युमिनियमशी तुलना केली तर हवा उष्णता हजारो पटींनी कमी वाहून नेते. पेस्ट त्या हवेला हुसकावून तिची जागा घेते, एवढेच. ती स्वतः धातूच्या मानाने मंदच असते, म्हणून जाड थर दिला तर तिचीच आडकाठी होते. तीळभर घ्या, बोटाने पसरा. म्हसवडच्या सिद्धनाथाच्या रथावर उधळायचा गुलाल नव्हे हा.

आता पाना हातात घेण्याआधी सेन्सरची जात विचारा. काही सेन्सर कोरडे असतात, इंजिनच्या हेडच्या धातूला टेकून बसतात. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ प्रदूषण नियम लागू झाले, दुचाक्यांतही फ्युएल इंजेक्शन सर्रास झाले. त्यांतल्या हवेने थंड होणाऱ्या इंजिनांत सेन्सर धातूचे किंवा ऑइलचे तापमान मोजतो. धातूला टेकणारा असेल आणि कंपनीचे पुस्तक सांगत असेल, तर पेस्ट खुशाल लावा. जीपचा सेन्सर मात्र बहुधा ओला, नाक कूलंटमध्ये बुडवून बसलेला. त्याच्यापर्यंत उष्णता कूलंटच आणून देते; पेस्टला तिथे कामच नाही.

तरीही लावायचीच आहे? मग इंजिन पूर्ण गार होऊ द्या. आत दाब असतो, त्यामुळे १०० अंशांच्या वर जाऊनही पाणी उकळत नाही. गरम असताना रेडिएटरचे झाकण किंवा सेन्सर काढलात की दाब सुटतो आणि उकळते पाणी थेट तोंडावर येते. या वाक्यात विनोद नाही.

जुन्या गाडीत एकच वायर असेल तर सेन्सरला अर्थिंग आट्यांतून मिळते. आट्यांवर टेफ्लॉन टेप भरपूर गुंडाळा: अर्थिंग तुटेल, काटा गारावर झोपेल आणि ग्रीसचा गुण आला असे तुम्हाला वाटेल. दोन वायरींच्या गाडीत सॉकेट जोडायला विसरलात तरी हाच चमत्कार होतो. कारण सेन्सरचा अवरोध थंडीत दोन-अडीच हजार ओहम, तर १०० अंशांना साधारण दोनशेच्या आत असतो. वायर निघाली की अवरोध अमर्याद. माणदेशात बर्फ पडला अशी इंजिनच्या कॉम्प्युटरची समजूत होते. शहाण्या गाड्या अशा वेळी पंखा अखंड चालवतात. बाकीच्या गुपचूप तापत राहतात.

एवढे करून सेन्सर बाहेर आलाच, तर त्याचे नाक बघा. पांढरे पुट चढले असेल. ती कुणी आधी लावलेली पेस्ट नव्हे, बोअरच्या पाण्याचे क्षार आहेत. पाण्याचे हाल असलेल्या माणदेशात इंजिनला वेगळे पाणी कोण देतो? जे हाताशी ते रेडिएटरमध्ये. पुट जाड झाले की सेन्सरला खरे तापमान उशिरा कळते, रेडिएटरच्या नळ्या अरुंद होतात, आणि आपण रोग म्हशीला, औषध पखालीला करत बसतो.

पुट हलक्या हाताने साफ करा. मल्टिमीटर लावून सेन्सर गार आणि कडत पाण्यात धरून बघा. ओहम झरझर उतरले तर बिचारा निर्दोष आहे. नवे वॉशर घालून जागेवर बसवा, पण अ‍ॅल्युमिनियमच्या आट्यांवर मर्दुमकी नको. रेडिएटर धुऊन कंपनीने सांगितलेले कूलंट भरा. पुढच्या खेपेला घाटात एसी बंद ठेवा आणि चार पाहुण्यांना एसटीने पाठवा. पेस्टची ट्यूब भाच्याच्या कॉम्प्युटरला लागेल.