तेलकट, नाजूक त्वचा : निवड, चाचणी आणि नातेवाईक

तेलकट त्वचा आणि नाजूक त्वचा या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. त्या एकाच चेहऱ्यावर आल्या की पहिलीचा इलाज दुसरीला बिघडवतो, दुसरीचा पहिलीला, आणि खर्च दोन्हींचा होतो. कपाळ, नाक आणि हनुवटी येथील तैलग्रंथी सीबम नावाचे तेल पाझरवत असतात. त्वचेचा सर्वांत वरचा थर मात्र विरळ झालेला असतो. साबण, ऊन, सुगंध, जे येईल ते आत शिरते आणि कातडी चुरचुरते. त्यामुळे भर दुपारी नाक चकाकत असते आणि गालांची आग होत असते. घरचे फक्त नाकाकडे पाहून सल्ला देतात.

मावळातले शिरगाव या विषयाच्या अभ्यासाला सोयीचे आहे. सोमाटणे फाट्यावरून आत वळले की लागणारे हे गाव साईबाबांच्या मंदिरामुळे प्रतिशिर्डी म्हणून ओळखले जाते. हवा वर्षातून तीनदा मत बदलते. एप्रिल-मेच्या उन्हात प्रत्येक क्रीम ‘चिकट’ ठरते, जुलैच्या दमट हवेत तेच क्रीम ‘मुरतच नाही’, आणि डिसेंबरच्या थंडीत ‘चेहरा ओढल्यासारखा’ होतो. त्यात महामार्गाची धूळ आणि दुचाकीवरून कामाला जाणाऱ्यांच्या हनुवटीवर घासणारा हेल्मेटचा पट्टा. पट्ट्याखाली येणाऱ्या पुटकुळ्यांचे खापर मात्र नव्या फेसवॉशवर फुटते.

सल्लागारांचे चार वर्ग पडतात. पहिला आत्या, मावशी, काकू हा वर्ग : पदवी लागत नाही, हळदीकुंकवाला गर्दीत हनुवटी धरून निदान होते. दुसरा पार्लरवाल्या ताई; त्यांच्याकडे निदानाआधीच फेशियल ठरलेले असते. तिसरा मेडिकलच्या काउंटरवरचा मुलगा. तो ‘हे खूप जातं’ एवढेच सांगतो, आणि हे विधान बहुधा खरे असते. चौथा वर्ग मोबाइलमध्ये राहतो. त्याची त्वचा मुळातच उत्तम असल्यामुळे त्याला प्रत्येक उत्पादन लाभते.

पहिल्या वर्गाचे औषध स्वयंपाकघरातून येते. निरोगी त्वचेचा सामू साधारण पाचच्या आसपास, म्हणजे किंचित आम्ल असतो. लिंबाच्या रसाचा दोनच्या जवळ, खाण्याच्या सोड्याचा आठच्या वर, अंगाच्या साबणाचा नऊ ते दहा. चेहऱ्याने आठवडाभर या टोकांमध्ये ये-जा करावी आणि रविवारी मुलतानी मातीत वाळावे, अशी अपेक्षा असते. माती वाळून कातडी ताणली की ‘बघ, कशी घट्ट झाली’ म्हणून कौतुक होते. वास्तविक तेव्हा वरच्या थरातले पाणी जात असते. दिवाळीतल्या उटण्याचा दोष एवढाच की ते वर्षातून चार दिवस लावायचे असते आणि गुणकारी ठरवून वर्षभर घासले जाते. पुटकुळीवर टूथपेस्ट लावण्याची प्रथा सर्वधर्मीय आहे. तिने पुटकुळी वाळते आणि आजूबाजूची कातडीही.

स्वयंपाकघर हरले की खरेदी सुरू होते. बाटलीला पुढची बाजू असते आणि मागची. पुढची बाजू साहित्यात मोडते, मागची कायद्यात. सौंदर्यप्रसाधने नियम, 2020 नुसार घटकांची नावे प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने छापावी लागतात. मात्र एक टक्का वा त्याहून कमी असलेले घटक शेवटी कोणत्याही क्रमाने चालतात. फिनॉक्सिइथेनॉल हे परिरक्षक सहसा एक टक्क्याच्या आतच वापरतात. ते यादीत दिसले की त्याच्या पुढची मंडळी बहुधा हजेरीपुरती आलेली असतात, हे ओळखावे. पुढच्या बाजूवरची हिरवीगार कोरफड बऱ्याचदा याच मंडळींत सापडते. ‘परफ्यूम’ या एका शब्दात डझनावारी रसायने मावतात, आणि नाजूक त्वचेला सर्वाधिक त्रास देणाऱ्यांत सुगंध वरच्या क्रमांकावर आहे. बाटली उघडून आधी वास घेणे ही ग्राहकांची रीत असल्यामुळे कंपन्यांचा नाइलाज होतो.

पुढच्या बाजूवरचे ‘नॉन-कॉमेडोजेनिक’ म्हणजे छिद्रे न बुजवणारे. या कल्पनेमागे सशाचा कान आहे. 1972 मध्ये अमेरिकेत क्लिगमन आणि मिल्स यांनी प्रसाधनांमुळे येणाऱ्या मुरमांवर लिहिले. त्या काळात सशाच्या कानाला क्रीम चोळून छिद्रे बुजतात का ते पाहत. कान माणसाच्या गालापेक्षा फारच हळवा निघाला. भारतात 2014 मध्ये प्रसाधनांची प्राण्यांवरील चाचणी बंद झाली आणि ससा सुटला. त्याचे उरलेले काम ग्राहक स्वखर्चाने करतात. ‘हायपोअ‍ॅलर्जेनिक’चीही तीच गत. अमेरिकेत 1975 मध्ये त्याला नियमात बसवण्याचा प्रयत्न झाला, दोन वर्षांत तो न्यायालयात पडला. ‘त्वचातज्ज्ञांनी तपासलेले’ यात तपासणीचा निकाल काय लागला, हे लिहिलेले नसते.

सिरमचा हिशेब दहावीच्या निकालासारखा चालतो : टक्के जास्त तो हुशार. नायसिनमाइड चार-पाच टक्क्यांत आपले काम बऱ्यापैकी करते. दुकानात दहा टक्के सहज मिळते, शोधल्यास वीसही. जास्त टक्क्यांनी नाजूक चेहरा लाल होतो, त्याला ‘असर दिसतोय’ म्हणतात. तेलकट त्वचेसाठी सॅलिसिलिक आम्ल उपयोगी, कारण ते तेलात विरघळून छिद्रात उतरते. दोन टक्क्यांपर्यंत, आणि सुरुवातीला एक दिवसाआड. फेसवॉश, टोनर, सिरम आणि मास्क या चौघांतही तेच असेल तर हा नियम कागदावर राहतो.

एका ट्यूबबद्दल विनोद थांबवावा लागतो. ‘लावा, आठ दिवसांत फरक’ म्हणून हातोहात फिरणाऱ्या मलमांत अनेकदा बीटामेथासोन, क्लोबेटासोल किंवा मोमेटासोन ही स्टेरॉइड असतात. आठ दिवसांत फरक खरोखर पडतो. काही महिन्यांनी कातडी पातळ होते, पुटकुळ्या आणि लव वाढते, आणि मलम बंद केले की चेहरा पेटतो. 2018 मध्ये केंद्र सरकारने अशी 14 स्टेरॉइड शेड्यूल एचमध्ये घालून चिठ्ठी सक्तीची केली. गोरे करणाऱ्या बिनपरवाना डब्यांतला पारा त्याहून वाईट. अकोल्यातल्या एकाच घरातल्या तिघींच्या मूत्रपिंडांना अशा क्रीमने इजा केल्याचे मुंबईच्या केईएम रुग्णालयात उघड झाले. डबीवर परवाना क्रमांक, बॅच आणि मुदत नसेल तर किंमत विचारण्याचीही गरज नाही.

आता चाचणी. शास्त्रोक्त पॅच टेस्ट योझेफ यादासोन यांनी 1895 मध्ये मांडली : संशयित पदार्थ पाठीवर चिकटवायचे, 48 तासांनी काढून पाहायचे, पुढे एक-दोन दिवसांनी पुन्हा. ती त्वचारोगतज्ज्ञ करतात. घरची पद्धत साधी आहे. कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढ्या जागी नवे क्रीम दिवसातून दोनदा, सात ते दहा दिवस लावायचे. फेसवॉश मात्र नेहमीइतकाच वेळ ठेवून धुवायचा. एका रात्रीत काही उठले नाही म्हणजे उत्पादन पास झाले, असे नव्हे; अ‍ॅलर्जी दिसायला दोन-तीन दिवस लागतात, नव्याने जडायची असेल तर दोन आठवडेही. त्यानंतर जबड्याच्या कडेला थोडे दिवस, मग चेहरा. एका वेळी एकच नवी वस्तू, दोन वस्तूंत निदान दोन-तीन आठवडे.

ही पद्धत माहीत नसलेला माणूस सापडत नाही आणि पाळणाराही. कारण चाचणीचा मुहूर्त लग्नाच्या आदल्या रात्री निघतो. पाच बाटल्यांचा संच एकदम उघडला जातो, सकाळी चेहरा सुजतो, आणि पाचांपैकी दोषी कोण यावर घर दुभंगते.

निकाल वाचण्यापूर्वी इतर संशयित तपासावेत. केसांतले खोबरेल कपाळावर उतरून बारीक पुरळ आणते. वैद्यकात याची 1970 पासून नोंद आहे. गुरुवारी दर्शनाच्या रांगेत घाम पुसत उभे राहून कपाळी अष्टगंध लावला असेल, तर शुक्रवारच्या खाजेची जबाबदारी सनस्क्रीनवर ढकलणे अन्यायाचे आहे. टिकलीच्या जागी पांढरा डाग पडत असेल तर गोंदातल्या पॅरा-टर्शरी-ब्युटिलफिनॉलवर संशय घ्यावा.

लावताच झोंबले आणि धुतल्यावर थांबले, तर ती जळजळ. प्रमाण कमी करून पाहता येते. एक-दोन दिवसांनी खाज, सूज, पाणी सुटले, तर अ‍ॅलर्जी. ती वस्तू कायमची बाद. नव्या पुटकुळ्यांना विक्रेते ‘आतली घाण बाहेर पडतेय’ म्हणतात. रेटिनॉइड किंवा सॅलिसिलिकसारख्या आम्लाने काही आठवडे तसे होऊ शकते. मॉइश्चरायझरने होत असेल, तर घाण बाहेरूनच आलेली आहे.

शेवटी उरते ते तीन वस्तूंत आटपते : फेस न करणारा वा कमी करणारा सौम्य, बिनवासाचा फेसवॉश दोनदा, जेलसारखे हलके मॉइश्चरायझर, तेलकट चेहऱ्यालासुद्धा, आणि निदान 30 एसपीएफचे सनस्क्रीन. या यादीत नफा कमी असल्यामुळे तिची जाहिरात होत नाही. आठ-दहा आठवड्यांत फरक पडला नाही, गाठी दुखू लागल्या किंवा खड्डे राहू लागले, तर त्वचारोगतज्ज्ञ गाठावा. ते आधी ‘आतापर्यंत काय काय लावलं?’ असे विचारतात. उत्तर तोंडी देऊ नये. सगळ्या बाटल्या, ट्यूब आणि बिननावाच्या डब्या पिशवीत भरून न्याव्यात. पिशवी दोन हातांनी उचलावी लागली, तर निदान निम्मे झालेले असते.